होईलसैल

चपलांच्या दुकानदाराला अख्खा बाजार ‘होईलसैल’ म्हणायचा, आणि त्याला त्याचा अभिमान होता. कुणाचाही पाय कुठल्याही बुटात कोंबायचा आणि वर सांगायचं, “दोन दिवस चावेल, मग होईल सैल.” गिऱ्हाईक कळवळलंच, तर खोट पायात.

हा महापुरुष एक दिवस वरचा खोका काढायला गेला आणि शिडीसकट खाली आला. घोटा मोडला. ऑपरेशन झालं, आत पट्टी आणि स्क्रू बसले, यथावकाश हाडही जुळलं. सर्जन म्हणाले, आता पायावर पूर्ण भार द्या. एवढं झाल्यावर माणसानं चालावं की नाही? हा आपला उशांचं सिंहासन करून पलंगावर.

व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपीवाली मुलगी घरी यायची. “काका, सांधा आखडलाय. आत्ता दुखेल, पण चालत राहिलात तर मोकळा होईल. नाहीतर जन्मभर लंगडाल.”

ती गेली की हा बायकोला डोळा मारायचा. “मलाच गिऱ्हाईक बनवतेय!”

बायकोच्या नाकी नऊ आले होते. सकाळी याचं अंग पुसायचं, दिवसभर दुकान बघायचं, संध्याकाळी परत याची हांजी हांजी. आणि दुकानात दिवसभर पायात टोकदार बुटांचा जोड. दुकानात न खपलेला माल हा घरी आणी आणि मोठ्या मनानं तिला देई. बोटं एकमेकांवर चढली, कुरुपं झाली. आपलेच पाय बेढब, असं ती कधीपासून धरून चालली होती.

त्या दिवशी दुकानातून आल्या आल्या, पायातलं न काढताच ती वैतागून म्हणाली, “अहो, ती पोरगी तुमच्याशी खोटं कशाला बोलेल?”

“अगं, असंच बोलतात सगळे. मी जन्मभर काय केलं? रेक्झिन कधी सैल होतं का? तुझ्यासारखे भोळे असतात म्हणून आमचं चालतं!” आणि तो खो खो हसला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. पण बायकोला हसू आलं नाही. म्हणजे याला माहीत होतं! रात्री ती कोमट पाण्यात पाय बुडवून बसायची, तेव्हा शेजारी बसून पेपर वाचणाऱ्या या माणसाला सगळं माहीत होतं. तिला त्याची किळस आली.

तिनं पायातला जोड काढला आणि त्याच्या उशीवर ठेवला.

“अगं, हे काय?”

“तुमचा माल परत. उद्या दुकान उघडलं की पहिला माझ्या मापाचा जोड काढते. आणि तुम्हाला पाणी हवं असेल तर माठ स्वयंपाकघरात आहे.”

“मी चालत जाऊ?”

“नाहीतर बसा तहानलेले.”

बऱ्याच वेळानं कुबडी खरडल्याचा आवाज आला. मग एक पाऊल, मग बोंब. “अगं, जीव जातोय माझा!”

बायको अनवाणी उंबऱ्यावर बसली होती. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

“दोन दिवस चावेल,” ती म्हणाली. “मग होईल सैल.”