तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं

या सगळ्या व्यवहारातून वर्लिन ट्वीटनला मिळणार होते ते एवढेच: वर्षातून दोन सकाळी मेव्हण्याला फोन न करण्याचे सुख. एक सकाळ मे महिन्यातली, पाँटून तळ्यात सोडायची. दुसरी ऑक्टोबरातली, पाणी गोठायच्या आत ते बाहेर काढायची. शेडपासून बोटी पाण्यात सोडायच्या सरकारी उतारापर्यंत सात मैल. एवढ्या अंतरासाठी त्याने अडतीस हजार डॉलर पणाला लावले, आणि तेही बायकोचे.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते. आर्लिसची कॉफी माझ्या कॉफीपेक्षा चांगली असते, त्यामुळे यातले बरेचसे मी समोर बसून पाहिले आहे.

आमच्या तळ्यावर पाँटून नाही असे घर सापडायचे नाही. दोन लांब ॲल्युमिनियमच्या नळकांड्यांवर ठेवलेला ओटाच म्हणा ना: भोवती कठडा, गुबगुबीत बाकडी, वर कापडी छप्पर, मागे इंजिन. पाण्यात असते तोवर गरीब जनावर. रस्त्यावर आणले की बावीस फुटांचे धूड, आणि वारा भरला की उलटे ओढणारे. ते ओढायला पिकअपसारखी दणकट गाडी लागते. अशी गाडी आर्लिसच्या धाकट्या भावाकडे, ड्वेन स्कोगेनकडे होती. अकरा वर्षे तोच ओढत आला. त्याने कधी भाडे घेतले नाही. घेतले असते तर फार स्वस्तात सुटलो असतो, असे वर्लिन म्हणे. कारण भाड्याऐवजी ड्वेन जून ते ऑगस्ट दर रविवारी सुकाणूच्या खुर्चीत बसे, वर्लिनच्या बर्फपेटीतली बिअर पीत असे आणि पाहुण्यांना म्हणे, "आमचं पाँटून."

मार्चमध्ये ट्वीटनांची जुनी गाडी गेली. रस्त्यावरच्या मिठाने तिची खालची चौकट पार खाल्ली होती. मेकॅनिकने स्क्रूड्रायव्हर टोचला तो आरपार निघाला. "चर्चला निघालात आणि सीट मागे राहिली असं होईल," तो म्हणाला.

घरात गाडी एकच, माणसे दोन. आर्लिसचा उजवा खुबा बदलून झाला होता, डाव्याची पाळी यायची होती. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला गावातल्या तरणतलावात व्यायामाला जायचे असे, बुधवारी चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला. चौदा मैल. ती एकटी गाडी चालवत जाई. कुणाला सांगायचे नाही, कुणासाठी थांबायचे नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षे दुसऱ्याच्या घंटेवर उठबस केलेल्या बाईला यात काय मिळत होते ते तिलाच ठाऊक. तिची मागणी साधी होती: बुटकी गाडी, वळून बसता येईल अशी. पैसे आईचे घर विकून आलेल्या तिच्या वाट्याचे होते. पण ते "आपले पैसे" असे तीच म्हणाली होती. पहिली चूक ती.

वर्लिनने धान्याच्या कोठारावर चौतीस वर्षे वजनकाटा सांभाळला होता. भरलेला ट्रक तोलायचा, रिकामा तोलायचा, फरक लिहायचा. पाँटूनही काट्यावर नेले असते तर पाच मिनिटांत वजन कळले असते. पण काट्यापर्यंत ओढत न्यायला पिकअप हवा, आणि पिकअप म्हणजे ड्वेन. म्हणून तो स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बियाणेवाल्याच्या कॅलेंडरच्या पाठीवर बेरीज मांडून बसला. बसला म्हणजे काय, दोन ओळी लिहायचा, उठायचा, खिडकीतून तळ्यावरचा बर्फ वितळायला येऊन काळा पडला का ते पाहायचा, पुन्हा येऊन आधीच्या दोन ओळी खोडायचा.

"बोट दोन हजार पन्नास. इंजिन तीनशे साठ. ट्रेलर सातशे ऐंशी. टाकीतलं तेल एकशे पंचेचाळीस. बॅटरी पन्नास, नांगर तीस. टेबल, शेगडी, लाइफ जॅकेटं धर शंभर." त्याने पेन ठेवले. "तीन हजार पाचशे पंधरा पौंड."

"आणि ती निळी व्हॅन किती ओढते?" आर्लिसने विचारले. ती व्हॅन तिने आदल्या दिवशी पाहिली होती. वळली, बसली, दार ओढले, आणि तिथेच दहा मिनिटे बसून राहिली होती.

"साडेतीन हजार."

"म्हणजे पंधरा पौंडांचा प्रश्न आहे."

"पंधरा पौंड जास्त म्हणजे जास्त."

"मग टाकी अर्धी भर."

"आणि ऑक्टोबरात? नळकांड्यांना शेवाळ चिकटतं, गालिचा पाणी पितो. त्याचं वजन कोण धरणार?"

"बरं, नांगर मी मांडीवर घेते."

"मांडीवर घेतलास तरी भार गाडीवरच, आर्लिस."

"मग तू नांगर घेऊन जा. मी घरी राहते."

मी हसले. वर्लिन हसला नाही. तो "मांडीवर" म्हणजे किती, ते कॅलेंडरवर लिहीत होता.

पुढचे तीन आठवडे त्याला थारा नव्हता. गावातल्या तिन्ही गाडीबाजारांना त्याने इतक्या फेऱ्या घातल्या की विक्रेते त्याला बघून कॉफी लावायचे बंद झाले. व्हॅन पुढच्या चाकांवर चालते, ओल्या उतारावर ती जागच्या जागी फिरली तर? आणि उतारावर तर मे महिन्यात अख्खे तळे जमते. प्रत्येक जण आपली बोट सोडून झाली तरी पुढच्याची फजिती बघायला थांबतो. "व्हॅनने पाँटून" हे शब्द तो स्वतःशीच म्हणून बघे आणि मान हलवी. मधल्या आकाराची एक गाडी होती, पाच हजार पौंड ओढणारी, आर्लिसलाही जेमतेम चढता येईल अशी. ती पाहायला तो चौथ्यांदा गेला तेव्हा एका दंतवैद्याने ती नेली होती.

राहिला चांदीच्या रंगाचा पिकअप. नऊ हजार पौंड ओढणारा. "या गाडीला पाँटून मागे आहे हे आरशात बघून कळेल," विक्रेता म्हणाला. आर्लिसने दाराच्या मुठीला धरून पाय उचलला. पायरीच्या खाली वीतभर तो थांबला.

"जमेल ना?" वर्लिनने विचारले.

"रंग छान आहे," आर्लिस म्हणाली.

आमच्याकडची कुठलीही बाई तुम्हाला सांगेल की याचा अर्थ नाही असा होतो. वर्लिनलाही तो कळला असावा, कारण त्या दिवशी तो काही न घेता घरी आला. व्हॅनच घेऊ, दोन सकाळी ड्वेन आहेच, असे त्याने कॅलेंडरवर लिहिलेही. मी वाचले आहे.

फक्त ड्वेनने विचारायला हवे होते.

आमच्याकडे पहिल्या विचारण्याला नको म्हणतात. दुसऱ्यालाही म्हणतात. तिसऱ्यांदा विचारले की समजायचे माणूस मनापासून म्हणतो आहे, आणि मग "बरं, तू एवढं म्हणतोस तर" असे करून घ्यायचे. आपण होऊन मागणे हे उपाशी माणसाने दुसऱ्याच्या ताटात हात घालण्यासारखे दिसते. वर्लिनने अकरा वर्षे हेच केले होते: फोन करायचा, हवापाणी बोलायचे, आणि तीनदा विचारले जाईपर्यंत नको नको म्हणत राहायचे.

एप्रिलच्या शेवटी एका दुपारी ड्वेन आला. आर्लिसने लिंबाच्या वड्या कापल्या.

"तुला पिकअप लागेलच म्हणा," दुसरी वडी उचलत ड्वेन म्हणाला.

"छे छे. तुझी पेरणी आहे. बघू आम्ही काहीतरी."

पाऊण तास झाला. ड्वेनने मांडीवर थाप मारली, "चला, निघतो," म्हणाला, आणि नेहमीप्रमाणे आणखी वीस मिनिटे दारात उभा राहिला. "नाही, तसा तो उभाच असतो अंगणात," तो बुटांत पाय घालत म्हणाला. "माझा पिकअप."

"नको रे. उगाच तुला खेप."

दोन झाले. तिसरे नेहमी बाहेर व्हायचे, गाडीच्या खिडकीशी. वर्लिन कोट न घालता त्याच्या मागोमाग गेला आणि उघड्या काचेवर हात ठेवून उभा राहिला. आम्ही दोघी खिडकीतून बघत होतो. ड्वेन बोलला. वर्लिन बोलला. ड्वेनने आकाशाकडे बोट दाखवले, वर्लिनने मान वर केली. मग गाडी सुरू झाली.

वर्लिन आत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"काय म्हणाला?" आर्लिसने विचारले.

"बदकं लवकर आली म्हणाला. मी म्हणालो, रस्त्यात हरणं असतील, सांभाळून जा."

"आणि?"

"आणि गेला. दोनदाच विचारलं त्याने."

"नीट मोज."

"चौतीस वर्षं मोजलंय मी, आर्लिस!"

"मग फोन कर त्याला. तुझा मेव्हणा आहे, माझा सख्खा भाऊ आहे. पिकअप दे म्हण."

वर्लिनने तिच्याकडे असे पाहिले की जणू तिने त्याला अंतर्वस्त्रांवर चर्चला जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो दोनदा बर्फ बघून आला, एकदा पाँटूनची शेड उघडून बंद करून आला, आणि मग आर्लिसला घेऊन गावात गेला. माझ्याच गाडीने, मीच चालवत होते. पिकअपच्या कागदांवर सही करताना त्याने पुन्हा विचारले, "तुला चालेल ना?"

"तुला बरं वाटतं तर घे," आर्लिस म्हणाली, आणि पेन हातात धरून थोडा वेळ थांबली. विक्रेत्याने पान तिच्याकडे सरकवले. तिने सही केली. सदतीस हजार नऊशे.

मेच्या पहिल्या शनिवारी उतारावर नेहमीचा मेळा होता. वर्लिनने पिकअप मागे घेतला, ट्रेलर सरळ पाण्यात गेले, एकदाही पुढेमागे करावे लागले नाही. कुणाला हसायला काही मिळाले नाही. ड्वेन आपल्या पिकअपला टेकून उभा होता. त्याच्या बंपरवरचा, ट्रेलर अडकवायचा गोळा वंगण लावून चकचकीत केलेला मला दिसला. तो तयारी करून आला होता.

"घेतलास की," तो वर्लिनला म्हणाला. आवाजात कुरबूर होती. "मला वाटलं माझ्या गाडीला काही झालंय. तीन वेळा विचारलं, तीन वेळा नको."

"दोन वेळा," वर्लिन म्हणाला.

"तीन. ईस्टरच्या नाश्त्याला चर्चच्या तळघरात, हॅमच्या रांगेत. विचारलं की नाही?"

"रांगेत? ताट हातात असताना? ते कुठे धरतात!"

"का नाही धरत? तोंड मोकळं होतं ना माझं?"

"लोक मागे उभे होते, ड्वेन. मला वाटलं रांग पुढे सरकावी म्हणून बोलतोयस."

"आणि मला वाटलं तुला माझा कंटाळा आलाय. म्हणून गाडीपाशी काही बोललो नाही. कितीदा नाक घासायचं माणसाने?"

दोघेही पाण्याकडे बघू लागले. धक्क्यावर पाँटूनची दोरी धरून आर्लिस उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"वर्लिन," ती म्हणाली, "आणि तू मला किती वेळा विचारलंस?"

तो बोटांवर मोजू लागला. मी त्याच्या हाताकडे बघत होते. अंगठा तर्जनीवर गेला, मग मधल्या बोटावर. तिथेच राहिला.

"दोनदा," तो म्हणाला.

"तिसऱ्यांदा विचारलं असतंस तर मी सांगणार होते."

ड्वेन बुटाच्या टोकाने खडी उकरू लागला. मागून कुणीतरी हॉर्न वाजवला, उतार अडला होता. वर्लिन पिकअपमध्ये चढला आणि रिकामे ट्रेलर वर घेऊन गेला. आर्लिस दोरी गुंडाळत राहिली.

पिकअप परत करता येत नव्हता. वर्लिन विचारून आला, तर गाडीबाजारवाल्याने भरलेल्या किमतीपेक्षा सात हजार कमी सांगितले. मग वर्लिनने चौऱ्याऐंशी डॉलरची घडीची पायरी आणली. पहिल्याच मंगळवारी तरणतलावाच्या आवारात ती सरकली आणि आर्लिस बदललेल्या खुब्यावर आपटली. मोडले काही नाही. पण त्यानंतर ती त्या गाडीत चढली नाही. वर्लिन म्हणाला, मी उचलून बसवतो. ती नको म्हणाली. तो पुन्हा म्हणाला, आणि पुन्हा म्हणाला. आता तो नीट मोजत होता. तिसरे नकोही खरेच होते.

हल्ली मंगळवारी आणि शुक्रवारी ड्वेन आपल्या बायकोची बुटकी गाडी घेऊन येतो. आर्लिस अर्धा तास आधी कोट घालून, पर्स मांडीवर ठेवून खुर्चीत बसलेली असते, भावाला थांबावे लागू नये म्हणून. बुधवारची गाण्याची तालीम तिने सोडली. आठवड्यातून तीन दिवस भावाला बोलावणे तिला बरे वाटेना. मी नेते म्हणाले, तर म्हणाली, "बघू पुढे." मी तीनदा विचारले आहे.

तेव्हा कुणी किती भरले ते एकदाचे सांगून टाकते. विक्रेत्याने काहीच भरले नाही. ड्वेन आठवड्याला दोन खेपांचे तेल भरतो, आणि रविवारी पाँटूनवर सुकाणूशी बसून ते वसूल करतो. त्याला आता तिथून कोण उठवणार? वर्लिनने मान खाली घातली, पण पिकअप मे आणि ऑक्टोबरात सात सात मैल झकास चालला. सदतीस हजार नऊशे आर्लिसच्या आईच्या घराने भरले. आणि सप्टेंबरपासून मेपर्यंत चालणाऱ्या तालमींचे छत्तीस बुधवार, ते एकट्या आर्लिसने.