वधूपित्याचा डोळा

गंगाधर परचुरे वाईच्या शाळेत भूगोल शिकवत. त्यांचा उजवा डोळा लहानपणापासून बाहेरच्या बाजूला वळलेला. वर्गात त्यांनी एखाद्याला प्रश्न विचारला की दोन मुलं उभी राहायची. 'एक डोळा वाईला, दुसरा साताऱ्याला' असं पोरं मागं बोलत, हे त्यांना ठाऊक होतं. रागावण्याऐवजी त्यांनी एक सवय लावून घेतली होती: आधी नाव घ्यायचं, मग प्रश्न विचारायचा. शाळेचा फोटो काढायच्या दिवशी मात्र ते खुर्च्या लावण्यात, मुलांच्या रांगा नीट करण्यात गुंतलेले असत, आणि तोवर फोटो निघून जाई.

त्यांची एकुलती मुलगी अबोली बी.कॉम. होऊन साताऱ्याच्या एका पतपेढीत नोकरी करत होती. रोज एसटीनं जाऊन येऊन. रूपानं ती आईवर, चारुशीलाबाईंवर गेली होती. गोरीपान, नाकीडोळी नीटस. तिचं लग्न अडेल असं कुणाच्या मनातही आलं नव्हतं.

पंचाण्णव सालच्या फेब्रुवारीत चारुशीलाबाईंच्या भावानं, सुमंतमामानं, सांगलीचं एक स्थळ आणलं. मुलगा निमिष, इंजिनिअर, आईवडिलांसोबत राहणारा. ती मंडळी वाईला येऊन अबोलीला बघून गेली. दोघं अर्धा तास घाटावर फिरून आली. अबोलीला तो शांत, समंजस वाटला.

पुढच्या रविवारी सुमंतमामा एकटाच आला. अबोली मैत्रिणीकडं गेली होती.

"मुलगी पसंत आहे," तो म्हणाला, आणि मग बराच वेळ कपातला चहा हलवत बसला. "निमिषच्या आईंनी फक्त एक-दोन गोष्टी विचारल्यात. भाऊजी, राग मानू नका."

"विचार की."

"हे डोळ्याचं घराण्यात आहे का? पुढं मुलांत उतरेल की काय, अशी शंका त्यांना."

"नाही. माझ्या एकट्याचंच."

"मग प्रश्न मिटला. दुसरं म्हणजे, लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणार आहेत. त्यांच्याकडं मोठमोठी माणसं येणार. मुलीचे वडील सगळ्यांपुढं यायचे. तर त्या म्हणाल्या, हल्ली ऑपरेशन होतं म्हणे. अगदी साधं."

चारुशीलाबाई आतून आल्या आणि दारातच थांबल्या. गंगाधररावांनी त्यांच्याकडं पाहिलं नाही.

"बघू," ते म्हणाले.

मे महिन्याच्या सुट्टीत ते साताऱ्याच्या एका खासगी दवाखान्यात दाखल झाले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, या डोळ्याची नजर काही वाढणार नाही, डोळा फक्त रेषेत येईल. अबोलीला त्यांनी एवढंच सांगितलं की डोळा खुपतो, म्हणून छोटंसं ऑपरेशन करून घेतोय.

शेजारच्या खाटेवर मोतीबिंदू काढलेले आकाराम नावाचे म्हातारे शेतकरी होते. सोबत असलेल्या चारुशीलाबाईंना त्यांनी विचारलं, "आवं ताई, मास्तरास्नी दिसत न्हाई व्हय?"

"दिसतं की."

"मग कापून कशाला घ्यायलेत?"

खाटेवरून गंगाधररावच म्हणाले, "लेकीच्या लग्नासाठी."

आकारामनी जरा विचार केला. "पावणं लेकीला बघाय येत्यात का तुमास्नी?"

गंगाधररावांना हसू आलं. पण चारुशीलाबाई पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर गेल्या आणि लवकर आल्या नाहीत.

पट्टी निघाली. लाली ओसरायला काही आठवडे लागले. एके दिवशी दाढी करताना ते आरशासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहिले. दोन्ही डोळे समोर बघत होते. एवढा साधा चेहरा, आणि तो आपला! दाढी झाल्यावर पुन्हा एकदा आरशात पाहून घेतलं, आणि मग कुणी बघत नाही ना, म्हणून मागं वळून पाहिलं.

जूनमध्ये सांगलीची मंडळी बोलणी पक्की करायला आली. निमिषच्या आईंनी खुर्चीत बसता बसताच गंगाधररावांना नीट न्याहाळलं आणि मनापासून म्हणाल्या, "बरं झालं हो, ऐकलंत ते. किती छान दिसताय आता."

अबोली पोह्यांच्या बशा घेऊन आली होती. ती थबकली. तिनं मामाकडं पाहिलं, तर मामा पंख्याकडं बघत होता. मग वडिलांकडं पाहिलं. बशा टेबलावर ठेवून ती निमिषच्या समोरच्या स्टुलावर बसली.

"बाबांच्या डोळ्याबद्दल तुमच्या घरी बोलणं झालं होतं?"

"हो," निमिष म्हणाला.

"तेव्हा तुम्ही तिथं होतात?"

"होतो."

"काय म्हणालात?"

तो खोटं बोलला नाही. "काहीच नाही. मला वाटलं, आई बोलतेय, बोलू दे. तशी छोटीच गोष्ट आहे."

"बरं," अबोली म्हणाली आणि तिनं सगळ्यांना पोहे दिले.

बैठक पुढं सरकलीच नाही. तारखेचा विषय निघाला तेव्हा अबोली म्हणाली, मला थोडा वेळ द्या. मंडळी गेल्यावर तिनं घरात नकार सांगितला. गंगाधरराव पहिल्यांदाच तिच्यावर चिडले.

"मग मी हे सगळं केलं कशाला? एवढ्याशा गोष्टीवरून चांगलं स्थळ घालवतेस?"

"बाबा, तो वाईट माणूस नाही. पण उद्या मला मूल झाल्यावर मी सुटले, काळवंडले, की त्या मलाही काहीतरी करून घ्यायला सांगतील. आणि तो बाजूच्या खुर्चीत बसून ऐकेल. मला त्याची भीती वाटते."

तिसऱ्या दिवशी दुपारी चारुशीलाबाई गवार मोडत बसल्या होत्या, तिथं ते येऊन टेकले.

"तिनं मला न विचारता ठरवलं," ते म्हणाले.

"तुम्हीही तिला न विचारताच ठरवलं होतं. आणि मलाही."

"तू सोबत आली होतीस की."

"सोबत आले. विचारलं कुठं होतंत?" चारुशीलाबाईंचे हात चालूच होते. "मला बघायला आला होतात तेव्हाचं सांगू? त्याआधी दोन स्थळं बघून गेली होती. ते बघायला लागले की माझी मान वर व्हायची नाही. तुम्ही आलात, आणि मला कळेचना की तुम्ही माझ्याकडं बघताय की खिडकीकडं. मग मीच मान वर करून तुम्हाला बघून घेतलं. चांगलं पोटभर. आणि आईला सांगितलं, हे चालतील."

गंगाधररावांनी हे कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी एक शेंग उचलली आणि उगाच मोडत राहिले.

"खरं सांगू का," ते म्हणाले, "मला हा डोळा आवडलाय. लग्नाचं निमित्त झालं. लहानपणापासून वाटायचं, एकदा तरी सरळ दिसावं. त्या बाईंचा राग यायला हवा होता, तो मला आलाच नाही. याचीच लाज वाटते."

"लाज कशाला? हौस होती, भागली," चारुशीलाबाई म्हणाल्या. "फक्त मला सवय व्हायला वेळ लागेल. तेवढा द्या."

सुमंतमामा बरेच महिने रुसला होता. दिवाळीला आला नाही, पण संक्रांतीला आला. अबोलीचं लग्न पुढच्या वर्षी साताऱ्यातच झालं, पतपेढीच्या कामानं ओळख झालेल्या एका औषध दुकानदाराशी. मुलाकडच्यांनी गंगाधररावांचा जुना चेहरा पाहिलेलाच नव्हता. अबोलीनं मात्र पहिल्याच भेटीत त्यांना सगळं सांगून टाकलं होतं. त्यावर मुलाचे वडील म्हणाले, ऑपरेशन कोणत्या डॉक्टरांनी केलं ते सांगा, आमच्या पुतण्यालाही करून घ्यायचंय, तो आठ वर्षं मागं लागलाय.

आणि मग जेवणं होईपर्यंत गंगाधरराव त्यांना दवाखान्याचा पत्ता, डॉक्टरांच्या वेळा आणि पट्टी किती दिवस ठेवतात ते समजावून सांगत बसले.