टीव्हीकडे पाठ करून

"काका, टीव्ही इकडे आहे," टाय लावलेला विक्रेता म्हणाला.

"माहितीये," मास्तर म्हणाले आणि तसेच भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. हात मागे बांधलेले, मान जराशी तिरकी. "तुम्ही लावा. ऐकू द्या."

विक्रेत्याने माझ्याकडे पाहिलं. त्याचंही काही चुकलं नव्हतं. दुकानात चाळीस टीव्ही ओळीने लावलेले, चाळीसही पडद्यांवर एकच पोपट उडतोय, आणि गिऱ्हाईक बघतंय पंख्याच्या बटणाकडे.

"आजी," तो हळूच म्हणाला, "काकांना दिसायला काही त्रास...?"

"सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवतात," मी म्हटलं. "एकदा तर धावत्या बसमध्ये ओवला होता. शेजारच्या बसमधल्या बाईच्या सुईत."

यातलं पहिलं वाक्य खरं आहे.

मास्तर म्हणजे आमच्या इमारतीतले शिंपी. ते तिसऱ्या मजल्यावर, मी त्यांच्या बरोब्बर खाली. त्यांचं शिवणाचं मशीन खिडकीशी, कारण उजेड तिथे. टीव्ही त्याच्या उलट भिंतीला, कारण वायरीचं भोक तिथे. त्यामुळे मास्तरांनी एकतीस वर्षं टीव्ही पाठीने बघितला. तो जुना टीव्ही इतका जड होता की वर चढवायला चार जण लागले, आणि तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्यातल्या एकाचं लग्न ठरलं.

बघायचं काम मास्तरीणबाईंकडे. त्या खाटेवर बसून काजं करायच्या, बटणं लावायच्या आणि पडद्यावर काय चाललंय ते सांगायच्या.

"सासरा आला हो. तोच, एका डोळ्याने अधू."

"बोलत का नाहीये?" मास्तर मशीन चालवत विचारायचे.

"बोलेल कसा, तोंडात लाडू आहे. सुनेपासून लपवून खातोय."

मी वर गेले की हे ऐकायचे आणि गप्प बसायचे. तीच मालिका मी घरी बघत होते ना! सासऱ्याचे दोन्ही डोळे ठणठणीत. लाडूचा पत्ता नाही. इमारतीत थापा मारण्यात माझा पहिला नंबर, असं मला वाटायचं. या बाईंनी मला दुसऱ्या नंबरवर टाकलं, आणि मी आनंदाने गेले.

त्यांची सगळ्यात लाडकी थाप हवामानवाल्या बाईची होती. "आज परत हिच्या कोटाची एक बाही लांब आहे बघा."

"खांद्याचा मुंढा चुकला असेल," मास्तर म्हणायचे. "कापणाऱ्याला अक्कल नाही."

"तुमच्याकडे पाठवायला हवी."

झालं, मास्तर खूश. त्या दिवशी दोन शर्ट जास्त व्हायचे.

दोन वर्षांपूर्वी मास्तरीणबाई गेल्या. मास्तरांनी टीव्ही चालूच ठेवला. पाठीमागे कुणी ना कुणी बोलत असलं की मशीन चालायचं. मग गेल्या महिन्यात टीव्ही बसला, आणि त्याच्यामागोमाग मशीनही थांबलं. वर गेले तर लोकांची कापडं खाटेवर तशीच पडलेली.

"हात चालत नाही, वहिनी," मास्तर म्हणाले. "मागे कुणी नसलं की टीप कुठे चाललीय तेच कळत नाही."

असा माणूस महिनाभर बसून राहिला की मग उठत नाही. मी पाहिलीत अशी माणसं. म्हणून मीच त्यांना ओढत दुकानात आणलं होतं.

तर विक्रेत्याने आवाज वाढवला. मास्तरांनी मान हलवली. "हा भोपळ्यात बसून बोलतोय. पुढचा." पुढचा लावला. "याला सर्दी आहे." असे सात झाले. आठव्याला मात्र त्यांची मान डोलली. खिशातून टेप काढली, उलट्या पावलांनी मागे गेले आणि पडद्याकडे न बघता, नुसत्या हाताने चाचपून त्याची रुंदी मोजली. मग टेप डोळ्यांसमोर धरली.

"साडेसदतीस. तुम्ही त्रेचाळीस म्हणालात."

"काका, टीव्ही तिरका मोजतात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

"तिरका?" मास्तरांना खरंच धक्का बसला. "उजव्या खांद्यापासून डाव्या टाचेपर्यंत मोजून मी तुमची पँट शिवली, तर घालाल?"

विक्रेता हसला. मीही हसले. मास्तरही हसले, महिन्याभरात पहिल्यांदा. मला वाटलं, चला, काम झालं, हाच बांधून घ्यावा आणि निघावं.

तेवढ्यात पोपट गेला आणि बातम्या लागल्या. "नमस्कार. आता पाहू या उद्याचं हवामान."

मास्तरांची मान सरळ झाली. हा आवाज त्यांच्या ओळखीचा. दहा वर्षं रोज संध्याकाळी पाठीवर पडत आलेला.

"मास्तर, इकडे या," मी घाईघाईने म्हटलं, "हा मिक्सर बघा, काय सुरेख..."

पण ते वळले होते. चाळीस पडद्यांवर चाळीस बायका, चाळीस निळे कोट. मास्तर सगळ्यात मोठ्या पडद्याजवळ गेले. बाईच्या तोंडाकडे त्यांनी बघितलंच नाही. आधी डावा खांदा बघितला, मग उजवा.

"बाही बरोबर आहे," ते म्हणाले.

"आजचा कोट वेगळा असेल."

"दोन्ही बरोबर आहेत. मुंढा कसा बसलाय बघा. कापणारा चांगल्या हाताचा आहे, वहिनी."

"बाईच नवीन असेल."

"आवाज तोच आहे." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

आता सांगते. मी एकदा माझं घर विचारत आलेल्या विमा एजंटला पटवलं होतं की मी माझीच धाकटी बहीण आहे. पण त्या दुकानात, मास्तरांसमोर, मला एकसुद्धा थाप सुचली नाही.

"हाच द्या," मास्तर विक्रेत्याला म्हणाले.

नवा टीव्ही एकाच माणसाने काखेत मारून आणला. त्याच दिवशी मास्तरांनी मशीन फिरवलं. आता तोंड टीव्हीकडे, पाठ खिडकीकडे. मी खाली वाट बघत होते, आता घरघर सुरू होईल, मग होईल. चार दिवस काही नाही. मग मी वर गेले.

मास्तर मशीनपुढे बसले होते, हात मांडीवर, डोळे पडद्यावर.

"सासऱ्याला दोन्ही डोळे आहेत," ते म्हणाले.

"असतात बरेचदा."

"ती डॉक्टरीण बुटकी, असं ही सांगायची. चांगली माझ्याहून उंच निघाली." मग म्हणाले, "आणि त्या घरात बदक नाहीच."

"कसलं बदक?"

"जिन्यावर बसायचं म्हणे. पोस्टमन आला की त्याच्या मागे लागायचं. आठ वर्षं."

हे बदक मलाही नवीन होतं. म्हणजे दुसऱ्या नंबरावरसुद्धा मी उगाचच बसले होते.

"रागावलात का त्यांच्यावर?"

"छे, छे." मास्तरांनी मशीनवरची धूळ बोटाने पुसली. "चार दिवस सगळं नीट बघतोय. चांगलं आहे. रंग चांगले आहेत. पण हे सगळं तयार कपड्यांसारखं आहे, वहिनी. कुणाच्याच मापाचं नाही."

मग मी म्हटलं, एवढंच ना? हे काम तर मला येतं. मशीन परत खिडकीकडे फिरवायला लावलं, एक शर्ट त्यांच्या हातात दिला आणि स्वतः खाटेवर बसले.

"हं, दार उघडलं. सात फुटी माणूस आत आलाय. डोक्यावर टोपली आहे, टोपलीत हत्ती आहे. हत्ती सांगतोय, जरा वाकून चल, माझं डोकं आपटेल."

मास्तर हसले. मशीन चाललं. चार बोटं शिवण झाली असेल.

"हत्तीने सासूबाईंची वेणी धरलीय..."

मशीन थांबलं.

"राहू दे, वहिनी," ते हळूच म्हणाले. पाठ माझ्याकडेच होती. "तुमचं फार छान आहे. पण तुम्ही मला हसवण्यासाठी सांगताय."

"मग? त्या कशाला सांगायच्या?"

"तिला ते दिसायचं."

मी पदर सारखा केला आणि खाली आले. माझ्या घरात दुसरं माणूस म्हणजे फ्रिज. तो दर पंधरा मिनिटांनी खाकरतो आणि पुढे काही बोलत नाही. त्या दिवशी मी त्यालासुद्धा हत्ती सांगून बघितला.

आठवडा गेला. एका दुपारी माझ्या गाऊनची खालची पट्टी उसवली. खरं सांगायचं तर मीच उसवली. काहीतरी निमित्त हवं ना. गाऊन घेऊन तिसरा मजला चढले. बेलवर बोट ठेवलं, तेवढ्यात आतून टीव्हीचा आवाज आला. जोरात संगीत, टापा, कुणीतरी धपकन पडल्याचा आवाज. मग संगीतही थांबलं. काहीच नाही.

आणि मग मास्तर बोलले. मला वाटलं, कुणी आलंय.

"पडला," ते म्हणाले. "घोड्यावरून." बराच वेळ गेला. "घोडा मागे वळून बघतोय. म्हातारा आहे घोडा. दाढी आहे त्याला." पुन्हा थांबले. मग अगदी हळू, कुणीतरी शंका काढली असावी तसे म्हणाले, "अगं, आहे. खरंच आहे."

मशीन सुरू झालं.

मी बेलवरचं बोट काढून घेतलं. गाऊनची घडी केली आणि ती मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसून राहिले. शिवण मध्ये कुठेही न थांबता चालली होती. फार लांब शिवण होती ती. चादर असावी कुणाची तरी, मोठ्या पलंगाची.