टिकलीखालचा गोल

सासूबाईंची टिकली दर काही महिन्यांनी मोठी होत होती. १९९५ साली त्या आणि सासरे पुण्याहून गाझियाबादला माझ्या आणि पुष्करच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आले, तेव्हा ती मसुरीएवढी होती. पुढच्या वर्षी गणपतीत ती रुपयाएवढी झाली. पाकिटं मीच आणायची, सरोजिनी नगरच्या बाजारातून. मला वाटायचं, दिल्लीची हवा लागली.

एका रविवारी त्या केस धुऊन गॅलरीत बसल्या होत्या. टिकली आरशाला चिकटवलेली. भुवयांच्या मधोमध पांढराफटक गोल.

"बघितलंस ना?" त्या म्हणाल्या. "कोड आहे. आमच्या कौशल्यामावशीला होतं. तिला पंक्तीत वाढू देत नसत. पुष्करला सांगू नकोस. ह्यांना तर नाहीच."

मी मोजपट्टी आणली. व्यास चौदा मिलीमीटर, कड सुबक. अंगावर दुसरीकडे कुठेही डाग नव्हता.

"आई, टिकलीखाली खाजतं?"

"खाजतं की. डाग वाढला तशी मोठी घेत गेले."

त्वचेच्या डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, काही टिकल्यांच्या गोंदात असं रसायन असतं की त्याने रंग तयार करणाऱ्या पेशी मरतात. त्यांनी सांगितलेलं नाव मला पाठ होतं. मी रंगाच्या कारखान्यात तपासनीस आहे. त्याच नावाच्या पिंपाला हात लावताना आम्ही हातमोजे घालतो. आणि पाकिटं मी आणत होते.

उपाय साधा होता. रात्री मलमाचा पातळ थर, सकाळी दहा मिनिटं कोवळं ऊन, आणि कपाळाला दुसरं काहीही लावायचं नाही.

"कुंकूसुद्धा नाही?" आईंनी विचारलं.

"तीन-चार महिने तरी नाही."

ऑटोत बसल्यावर त्या म्हणाल्या, "हे घरात धडधाकट बसलेत आणि मी रिकाम्या कपाळाने फिरू? त्यापेक्षा डाग बरा."

मलमाची ट्यूब आठ दिवस तशीच पडून होती. मी रोज ती बघत होते. चूक माझीही होती. आग्रह कोणत्या तोंडाने करणार?

नवव्या दिवशी त्या दुधाच्या बूथवरून आल्या त्या विचार करतच. "वृंदा, समोरच्या शुक्लाभाभींच्या कपाळावर सकाळी काहीच नसतं ना गं? भांगात मात्र शेंदूर असतो. आणि बघणाऱ्याला कळतं."

अंघोळ करून त्या बाहेर आल्या तेव्हा कपाळ मोकळं होतं आणि भांगात आपलं देवघरातलं कुंकू. सासऱ्यांनी वर्तमानपत्र खाली केलं.

"अरे वा! यूपीत आलो म्हणून लगेच यूपीची झालीस?"

"थट्टा पुरे. मला तुम्हाला काही सांगायचंय," असं म्हणून त्यांनी सगळं सांगितलं.

"एवढंच?" सासरे म्हणाले. "महिनाभर तोंड लपवतेस, मला वाटलं पुण्याला परत जायचं म्हणतेस."

दुसऱ्या दिवसापासून गच्चीवर खुर्ची न्यायचं काम त्यांनी घेतलं. मी दर सोमवारी बटरपेपरवर गोल उतरवून घेत होते. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर: चौदा, चौदा, चौदा. आई म्हणायच्या, "तुझी पट्टी बिघडलीय."

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. महाराष्ट्र मंडळाच्या अकरा जणी आल्या. आईंनी प्रत्येकीला कुंकू लावलं. मग रीतीप्रमाणे त्यांच्यातल्या अहिल्याबाईंनी आईंना लावायला बोट पुढे केलं आणि ते हवेतच थांबलं.

आईंनी मान खाली केली. "इथे, भांगात लावा. कपाळाचं काम चाललंय."

"काय झालं हो?"

"टिकलीच्या गोंदाने रंग खाल्ला. आता परत येतोय. वृंदा, भिंग आण गं."

त्याच आठवड्यात सोमवारी मला दिसले होते: गोलाच्या आत चार तपकिरी ठिपके, एकेका केसाच्या मुळाशी. अकराही जणी भिंग घेऊन आळीपाळीने वाकल्या.

"दिसला! मोहरीएवढा!"

"मोहरी कसली, खसखस आहे."

"पण आहे ना? मग झालं तर," आई म्हणाल्या. एवढ्या बायका कपाळाकडे निरखून बघत होत्या आणि आईंचा हात कपाळ झाकायला एकदाही पदराकडे गेला नाही.

अहिल्याबाई गुपचूप बेसिनकडे गेल्या. परत आल्या तेव्हा कपाळ धुतलेलं होतं आणि मधोमध फिकट, मसुरीएवढी खूण.

"प्रभाताई," त्या आईंना हळूच म्हणाल्या, "मलाही खाजतं."

आईंनी त्यांना उजेडात नेलं, भिंगातून बघितलं, मग जिन्याकडे तोंड करून सासऱ्यांना हाक मारली.

"अहो, उद्यापासून गच्चीवर दोन खुर्च्या!"