कृतज्ञता दालन

शहराबाहेरच्या जुन्या लोकर गिरणीत युद्धाच्या काळात कैद्यांची छावणी होती. तिचं स्मारक करायचं ठरलं तेव्हा समितीने घरोघरी निरोप धाडला की त्या काळातलं काही जपून ठेवलं असेल तर आणून द्या. लोकांनी हात आखडता घेतला नाही. अंगठ्या आल्या, कमरेचे पट्टे आले, दाढीचा ब्रश आला, चांदीच्या टोपणाचं फाउंटन पेन आलं, तारा तुटलेलं एक व्हायोलिनसुद्धा आलं. आणि प्रत्येक वस्तूबरोबर एकच गोष्ट आली. आमच्या आजोबांनी भिंतीवरून पाव टाकला, आणि कैद्याने उपकाराची आठवण म्हणून ही भेट दिली.

जबाब उतरवून घ्यायचं काम लघुलेखिकेकडे होतं. तिची सगळी नोकरी कोर्टात गेली होती. निवृत्त झाली तरी खोड सुटली नव्हती: माणूस बोलेल ते, बोलेल तसं उतरवायचं, मग त्यालाच मोठ्याने वाचून दाखवायचं आणि विचारायचं, "बरोबर?" तो "बरोबर" म्हणाला की मगच कागद पक्का. स्मारकातल्या पाट्यांसाठीही तिने हाच नियम लावून घेतला होता. ज्याची हकिगत, त्याला वाचून दाखवल्याशिवाय एकही पाटी लागणार नाही. समितीतले लोक हसले. "ताई, हे काय कोर्ट आहे?" तर ती म्हणाली, "नाही ना. इथे उलटतपासणीही नाही. म्हणून निदान वाचून तरी दाखवू."

सुरुवातीला या गोष्टी ऐकून तिला भरून यायचं. तिचे वडील त्याच छावणीत कैदी होते. युद्ध संपल्यावर ते परत गेलेच नाहीत. इथल्याच एका मुलीशी लग्न केलं, घड्याळदुरुस्तीचं दुकान टाकलं आणि इथलेच झाले. आपल्या आईच्या शहराने आपल्या वडिलांना जगवलं, हा विचार तिला सुखाचा वाटत होता. मग लाँड्रीवाल्या बाई चष्मा घेऊन आल्या.

गोल काचांचा चष्मा होता. तिने तो डोळ्यांसमोर धरला तर टेबलाची कडा वितळल्यासारखी दिसली.

"बाई, ही भिंगं बघितलीत का किती जाड आहेत?"

"तेव्हाच्या वस्तू अशाच. दणकट."

"दणकट नाही हो. ज्याचा चष्मा एवढा जाड, त्याला चष्म्याशिवाय समोरचा माणूस दिसत नसणार. तो माणूस चष्मा भेट देईल?"

"कृतज्ञ असेल बिचारा," लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच ते पटेना. "म्हणजे, आमच्याकडे असंच सांगतात."

तिने ते तसंच लिहिलं. "आमच्याकडे असंच सांगतात" हेसुद्धा लिहिलं. वाचून दाखवलं. बाई "बरोबर" म्हणाल्या आणि घाईने उठल्या.

त्यानंतर तिने आधीचे सगळे जबाब काढून पुन्हा वाचले. कमरेचा पट्टा. कोणता उपाशी माणूस, ज्याची पँट आधीच सैल झालीय, तो पट्टा भेट देतो? लग्नाची अंगठी. आत बायकोचं नाव कोरलेली. ती कोण आठवण म्हणून देतो, आणि कोणाला?

घरी वडील खिडकीपाशी कामाच्या टेबलाशी बसले होते. दुकान केव्हाच बंद झालं होतं, पण एका डोळ्याला भिंग लावून काहीतरी उघडून बसायची सवय गेली नव्हती. तिने सगळं सांगितलं. ते मान वर न करता म्हणाले, "एवढे पाव पडले असते ना, तर आम्ही त्यांच्या ढिगावर चढून भिंतीपलीकडे उडी मारली असती."

"बाबा, मी थट्टा करत नाहीये."

"मीही नाही."

तिने रेटलं नाही. छावणीबद्दल ते कधीच बोलत नसत. उजव्या पायाची बोटं थंडीने गेली, एवढंच घरात माहीत होतं. ती बोटं नव्हती म्हणून ते जिना उतरताना कठडा धरत, आणि लहानपणी तिला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा तसे उतरतात.

समितीचे अध्यक्ष म्हणजे चौकातल्या औषधाच्या दुकानाचे मालक. माणूस कामाचा; छप्पर गळत होतं ते त्यांनीच पाठपुरावा करून दुरुस्त करून घेतलं होतं. त्यांनी मोठ्या खोलीला नाव दिलं, कृतज्ञता दालन. दारावरच्या मजकुराचा कच्चा कागद त्यांनी तिच्या हातात दिला. या शहराने उपाशी कैद्यांना घास दिला, आणि त्यांनी जवळचं सर्वस्व देऊन आभार मानले.

"आभार," ती म्हणाली.

"छान झालंय ना? आणि उद्घाटन काकांच्या, तुमच्या बाबांच्या हस्ते. दोन शब्द बोलतील ते. त्यांच्याइतका हक्क कोणाचा आहे? आणि हे बघा, आमच्या घरातलंही दिलंय. मधल्या कपाटात ठेवायचं."

त्यांनी खोका उघडला. आत बुटांची जोडी होती, उंच, काळी, पॉलिश करून चमकवलेली. "वडिलांना फार जपून वापरायची सवय. एका कैद्याने दिले होते. थंडीत वडील रोज भिंतीपाशी जायचे."

तिने तोही जबाब उतरवला. हात स्थिर ठेवला. नोकरीत तेवढं शिकली होती.

संध्याकाळी तिने वडिलांना फक्त एवढंच सांगितलं की अध्यक्षांनी बूट दिलेत. वडिलांनी डोळ्यावरचं भिंग काढलं.

"डाव्या बुटाची नाडीखालची जीभ उलटून बघ. आतून तपकिरी चामड्याचा तुकडा शिवलेला असेल. टाके वाकडे. माझ्या आईने शिवला होता."

दुसऱ्या दिवशी तिने जीभ उलटली. तपकिरी तुकडा होता. टाके वाकडे होते.

घरी येऊन तिने वही उघडली आणि म्हणाली, "सांगा."

वडिलांनी सांगितलं, साध्या आवाजात, जणू घड्याळात काय बिघडलंय ते सांगताहेत. गिरणीच्या मागच्या भिंतीला एका ठिकाणी विटा पडल्या होत्या. तिथल्या सौद्यांत पहारेकऱ्यांचा वाटा असायचा, म्हणून ते तिकडे बघायचे नाहीत. पलीकडे शहरातली माणसं उभी राहायची. आधी वस्तू, मग पाव, असा रिवाज. औषधवाल्यांचा मोठा मुलगा, म्हणजे अध्यक्षांचे वडील, तेव्हा वयाने तिच्या वडिलांएवढाच. तिच्या वडिलांनी बुटांच्या बदल्यात एक पाव मागितला. त्याने बूट घेतले आणि अर्धा दिला. उरलेला उद्या, म्हणाला.

"आणि दुसऱ्या दिवशी?"

"मी गेलो होतो. पायांना पोतं बांधून."

तिला पुढचं विचारायची गरज पडली नाही.

"आणि तुम्ही इतकी वर्षं त्याच चौकात राहिलात. त्यांच्या घरची घड्याळं दुरुस्त केलीत."

"भिंतीवरचं मोठं घड्याळ. चांगली बनावट होती. अगं, तुझी आई इथली. मला इथे राहायचं होतं. ज्याने ज्याने काही घेतलं त्याच्याशी बोलणं सोडलं असतं, तर बोलायला राहिलं कोण असतं? तो घड्याळ घेऊन यायचा तेव्हा माझ्या पायांकडे कधी बघायचा नाही. सगळी गिऱ्हाइकं बघायची. मी चालताना माणसाची नजर जातेच. त्याची जायची नाही."

"मग आता का सांगताय?"

"बूट घेतले तेव्हा मी गप्प बसलो. घालून चौकातून फिरला तेव्हाही बसलो. पण मी ते आभार मानून दिले, असं भिंतीवर लिहून ठेवणार असाल, तर नाही. मी मेल्यावर ते तसंच राहील. त्याला कोण खोडणार?"

तिने लिहिलं, वाचून दाखवलं. वडील म्हणाले, "बरोबर."

अध्यक्षांनी तो कागद दुकानाच्या काउंटरमागे उभं राहूनच वाचला. आधी लाल झाले, मग पांढरे पडले.

"काकांचं वय झालंय, ताई."

"जीभ उलटून बघा."

"बरं, असेल. असतील त्यांचे. पण पाव कोणी दिला? आमच्याच वडिलांनी ना? नसता दिला तर काका आज असते? तुम्ही तरी असता?"

हा प्रश्न तिला चपराकीसारखा लागला. त्यात खोट नव्हती, हेच तिला सहन होईना.

"दिला तो दिला असंही लिहिलंय. वाचा ना नीट."

"मग मधला मार्ग काढू. 'भेट' नको तर नको. 'स्नेहाची देवाणघेवाण' लिहू."

"बर्फात अनवाणी उभ्या माणसाबरोबर स्नेह?"

"लोकांनी विश्वासाने वस्तू दिल्यात," अध्यक्षांनी आवाज खाली घेतला. "त्यांच्या आजोबांना तुम्ही चोर ठरवणार? लहान मुलं बघायला येणार आहेत."

"मुलांनी काय शिकायचं इथे? की माणूस उपाशी ठेवला की तो आपणहून चष्मा काढून देतो?"

औषधाची चिठ्ठी घेऊन आलेलं एक गिऱ्हाईक दारातच घुटमळलं आणि परत फिरलं. अध्यक्षांनी कागदाची घडी घालून तिला परत दिली. पाट्या छापायला गेल्याही आहेत, म्हणाले.

उद्घाटनाच्या सकाळी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. दारावरचा मजकूर होता तोच होता. कपाटांत पाट्या लागल्या होत्या, तिने वाचून न दाखवलेल्या. मधल्या कपाटात बूट, आणि खाली: कृतज्ञ कैद्याची भेट. वडिलांना पहिल्या रांगेत हाताची खुर्ची दिली होती. अध्यक्षांचं भाषण बेतशीर झालं. मग त्यांनी काकांना दोन शब्द बोलायची विनंती केली.

वडिलांच्या आधी ती उठली. कोर्टात ती कधी स्वतःहून बोलली नव्हती. तिचं काम दुसऱ्यांचे शब्द वाचण्याचं होतं. आजही तिने तेच केलं. मधल्या कपाटापाशी जाऊन पाटी वाचली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी, एकही शब्द न गाळता. मग वडिलांकडे वळली.

"बरोबर?"

"नाही," वडील म्हणाले.

ते उठून उभे राहिले.

"हे बूट माझे होते. अर्ध्या पावाला गेले. पूर्ण ठरला होता. आभार मी मानले नाहीत, मला ते सुचलंही नाही." त्यांनी समोरच्या माणसांवरून नजर फिरवली, रागाने नव्हे, ओळखीची माणसं मोजावीत तशी. "बाकीच्या वस्तूंबद्दल मी बोलत नाही. ज्यांच्या होत्या ते इथे नाहीत."

तिने पुढची पाटी वाचली. पट्टा. तो देणाऱ्या माणसाकडे बघून विचारलं, "बरोबर?" तो जमिनीकडे बघत राहिला. तिने व्हायोलिनची वाचली. व्हायोलिनवाल्यांच्या सुनेने "पुरे झालं हो" म्हणून मुलांना हाताला धरून बाहेर नेलं. चष्म्याच्या पाटीपाशी ती आली तेव्हा लाँड्रीवाल्या बाई म्हणाल्या, "माझं नका वाचू. मला माहीत आहे काय लिहिलंय ते." अध्यक्षांनी माइक बंद करायला सांगितलं. तिला माइकची गरज कधी लागलीच नव्हती.

दुसऱ्या दिवसापासून लोक वस्तू परत न्यायला येऊ लागले. आमची आहे, म्हणायचे. आणि कायद्याने ती त्यांचीच होती; हे तिला कोणापेक्षाही नीट ठाऊक होतं, म्हणूनच तिच्या अंगाचा तिळपापड होत होता. पट्टा गेला. ब्रश गेला. अंगठ्या गेल्या, आतल्या नावांसकट. पेन न्यायला आलेल्या गृहस्थांनी पिशवीही बरोबर आणली होती. ती प्रत्येकाला कुलूप उघडून देई. एकट्या लाँड्रीवाल्या बाईंनी काही नेलं नाही. कपाटासमोर उभं राहून म्हणाल्या, "माझं पुन्हा उतरवून घ्या. आजोबांनी घेतला, असं. कसा घेतला ते मला माहीत नाही, पण दिलेला नाही तो."

अध्यक्ष स्मारकात आले नाहीत. ते घरी आले, काखेत खोका घेऊन. तिने दार उघडलं आणि बाजूला झाली नाही. मागून वडिलांनीच हाक मारली, "ये रे."

अध्यक्षांनी खोका कामाच्या टेबलावर ठेवला. "घ्या काका. तुमचे आहेत. आता झालं ना समाधान?"

वडिलांनी झाकण उघडलं. बुटात हात घालून आतून जीभ चाचपली, आणि हात काढून घेतला.

"मला नकोत. माझ्या पायात आता येणारही नाहीत. कपाटात ठेव, आणि खाली मी बोललो ते लाव."

"ते होणार नाही. वडील आहेत ते माझे."

"माहीत आहे मला. मग घेऊन जा."

अध्यक्षांनी झाकण लावलं, खोका परत काखेत मारला आणि निघून गेले. जिन्यावर त्यांची पावलं शेवटच्या पायरीपर्यंत ऐकू आली.

"बूट पुन्हा गेले," ती म्हणाली. "तुमच्यासमोर. तुमच्याच टेबलावरून."

"बूट जाऊ दे. कपाट आहे ना? पाटी लाव."

"रिकाम्या कपाटाला?"

"मग काय झालं. वाच बरं, काय लिहिणार ते."

ती टाइपरायटरपाशी बसली. रागात टाइप केल्याने अक्षरं खोल उमटली. मग तिने वाचून दाखवलं. "या जागी बुटांची जोडी होती. छावणीतल्या एका कैद्याची. एका पावाचा सौदा ठरला आणि अर्धा पाव मिळाला. उरलेला दुसऱ्या दिवशी देतो असं सांगितलं. तो मिळाला नाही. बरोबर?"

वडिलांनी बोट वर केलं.

"एक राहिलं. ताजा होता. पाव. हातात घेतला तेव्हा आतून गरम होता."

"हे मी लिहायचं?" ती म्हणाली. "त्यांच्या बाजूने?"

"बाजू कसली त्यात? होता तो होता. तू खाल्ला नव्हतास, मी खाल्ला."

तिने कागद पुन्हा यंत्रात चढवला. तिला ते शब्द लिहायचे नव्हते, आणि कधी नव्हे ते बोटं चुकत होती. तरी तिने लिहिले. अर्धा पाव, ताजा. आणि सुरुवातीपासून पुन्हा मोठ्याने वाचलं.

"बरोबर," वडील म्हणाले.