लेआ

"कोडोलीच्या कागदाला उत्तर धाडलंसा का?" भाकरी थापता थापता बनाबाईनं विचारलं. "ऐतवारी बाप्तिस्मा हाय न्हवं त्या पोरीचा?"

पिराजी मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं. सयाजीचं पत्र येऊन बरेच दिवस झाले होते. मिशनच्या शाळेतला त्यांचाच जुना विद्यार्थी. त्यानं लिहिलं होतं, दोन लेकरं गेली, आता तिसरी झाली आहे. मरणाची नजर पडू नये म्हणून बायको, बाळाबाई, तिला धोंडी म्हणते. पाद्रीसाहेबांना शास्त्रातलं नाव हवं. मास्तर, शास्त्रात धोंड्यासारखं एखादं नाव असेल तर कळवा. नाहीतर बाळाबाई पोरीला मिशनच्या देवळात आणायची नाही.

रोज मास्तर दौत उघडत, टाक बुडवत आणि शाई टाकावरच वाळे. मरण नावं विचारत फिरत नाही, हे त्यांनी उभा जन्म लोकांना सांगितलं होतं. सांगून सांगून ते शिणले होते.

"धोंड्याचं नाव शोधून द्यायचं म्हणजे अडाणीपणाला हातभार," ते पुटपुटले.

"मग गोड नाव द्या की! तुमास्नी लई म्हाईत." बनाबाईचा हात परातीत थांबला. बोललेलं मागं घ्यायचा तिचा स्वभाव नव्हता. "नामी. म्हंजे मनोरम, तुमीच सांगितलासा. मी म्हनत हुते, दगडी म्हनूया. तुमी हसलासा."

शाहू महाराजांच्या राज्यात प्लेग पहिल्यांदा शिरला, तेव्हा गावाबाहेरच्या माळावर, झोपडीत त्यांची लेक नामी गेली होती.

मास्तरांनी विचारलं, "दगडी म्हटलं असतं, तर राहिली असती?"

"न्हाई," बनाबाई म्हणाली. "ठावं हाय मला. पर आपुन कायतरी केलं, असं वाटलं असतं."

तव्यावरची भाकरी करपली. दोघांनीही ती उलटली नाही.

मग मास्तरांनी बायबल उघडून उत्पत्तीचं पुस्तक काढलं, आणि कार्डावर लिहायला बसले.

"वाचा की मोठ्यानं," बनाबाई म्हणाली.

"'पोरीचं नाव लेआ ठेवा,'" मास्तर वाचू लागले. "'अर्थ थकलेली, असं जाणते सांगतात, माझी खात्री नाही. लेआ डोळ्यांनी अधू होती. नवऱ्याचं मन तिच्या देखण्या बहिणीवर, राहेलवर. लेआकडे कुणी वळून बघत नसे.'"

"आन ती देखणी?"

"वाटेतच बाळंतपणात गेली."

"लेआ राहिली?"

"राहिली. सहा मुलगे आणि एक मुलगी झाली तिला. नवऱ्याच्या वाडवडलांशेजारी तिला पुरलं."

"त्ये बी लिवा. बाळाबाईला त्येच पायजे."

मास्तरांनी ते लिहिलं. पाद्रीसाहेब काय म्हणतील, हा विचार आला. त्याखाली त्यांनी आणखी एक ओळ घातली: 'घरात धोंडीच म्हणा.'

टपालपेटीपाशी ते दोनदा पुढं होऊन मागं आले. शेवटी कार्ड आत सोडलं, आणि ते फटीत अडकलं तर नाही ना, म्हणून बोटं घालून चाचपून पाहिलं. हाताला काही लागलं नाही.