बाटलीवरचे कुंकू

"सून असावी तर परशुरामपंतांच्या गोदासारखी," असे ठाण्याच्या तळ्याकाठच्या आळीत ज्याच्या त्याच्या तोंडी होते. दहा माणसांचा सोवळ्यातला स्वयंपाक, सणवार, सासूचा दमा, नवऱ्याच्या, म्हणजे परशुरामपंतांच्या, कचेरीतले पाहुणे. कुठे काही चुकले म्हणून नाही. सासूबाई, आवडाबाई, विहिरीवर येईल त्या बाईला सुनेचे गुण ऐकवीत. आणि ही गुणांची पुतळी रोज सकाळी चूल पेटवताना "आजचा दिवस निभव रे देवा" म्हणत असे, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हते.

गोदाला वाचता येत होते. एवढाच तिचा गुन्हा. कल्याणला माहेरी वडिलांनी हौसेने तिला बालबोध अक्षरे शिकवली आणि लग्न ठरताच बजावले, "पोरी, सासरी हे कळता कामा नये." कारण बायको वाचू लागली की नवऱ्याचे आयुष्य सरते, अशी चांगल्या शहाण्यासुरत्या माणसांचीही समजूत होती. असा मेलेला नवरा कुणी पाहिला होता? कुणीच नाही. पण न पाहिलेल्यावरच आपल्या लोकांचा विश्वास अधिक! गोदाने बारा वर्षे मूठ झाकून ठेवली. फक्त वाण्याच्या पुडीचा कागद चुलीत घालण्याआधी तिची नजर त्यावरून फिरे. तेवढे सुख तिला सोडवत नव्हते.

एकदा जिऱ्याच्या पुडीवर बुडालेल्या गलबताची हकिकत होती. ती तिने अथपासून इतिपर्यंत वाचली, आणि तिसऱ्या दिवशी परशुरामपंत तापाने अंथरुणाला खिळले. हे आपणच केले, असे तिच्या मनाने घेतले. वरून मात्र ती शांत. पेज, शेक, आल्यागेल्याची विचारपूस, सारे वेळच्या वेळी. "काय धीराची बाई!" शेजारणी म्हणत.

दीर अण्णा सरकारी दवाखान्यातून दोन बाटल्या घेऊन आला. एक पोटात घ्यायची, एक छातीला चोळायची. दिवसा घरात अक्षर न येणाऱ्या बायकाच, म्हणून त्याने पोटात घ्यायच्या बाटलीला कुंकवाचे बोट लावले, नीट समजावले आणि कामासाठी कल्याणची गाडी गाठली. त्याची पाठ वळते न वळते तोच आवडाबाईंनी दोन्ही बाटल्या विहिरीवर नेल्या. "कुणाकुणाचे हात लागलेत मेल्यांना!" असे म्हणत त्यांनी त्या घागरभर पाण्याने धुतल्या आणि लख्ख पुसून ठेवल्या. बाटल्यांवरचे कागद ओले झाले, पण चिकटून राहिले. कुंकू मात्र गेले.

दुपारी औषधाची वेळ झाली.

"ही का गो ती?" आवडाबाईंनी एक बाटली उचलली. दोन्हींचा रंग सारखाच. "हीच. मला पक्कं आठवतंय."

त्यांनी वाटीत औषध ओतले. गोदाच्या सात वर्षांच्या लेकीने, जयाने, ग्लानीत पडलेल्या वडिलांच्या मानेखाली हात घातला. दारात उभ्या गोदाची नजर बाटलीवरच्या कागदावर गेली.

"सासूबाई, थांबा. कुणाला तरी दाखवू या."

"कुणाला? आळीतले पुरुष सगळे कचेरीत. तोवर ताप थांबतोय होय?"

"पण ती दुसरी असेल तर?"

"तुला गो काय ठाऊक?"

काय सांगणार? वाचले म्हणावे, तर तिच्याच समजुतीप्रमाणे नवऱ्यावर घाला. गप्प राहावे, तरी घालाच. वाटी सांडली असती, तर सासूने त्याच बाटलीतून दुसरी भरली असती. वाटी परशुरामपंतांच्या ओठांशी आली. गोदा धावली आणि तिने सासूचा हात धरला.

"त्यावर लिहिलंय!" ती ओरडली, आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली, "विष. वरून चोळण्याचे. पोटात घेऊ नये."

आवडाबाई मटकन खाली बसल्या. "तू वाचलंस?"

"हो. बारा वर्षं वाचत्येय." आणि हे म्हणता म्हणता तिला स्वतःलाच नवल वाटले. "बारा वर्षं, सासूबाई. आणि इकडच्या जिवाला काही झालं नाही. आज मात्र वाचलं नसतं तर झालं असतं."

आवडाबाईंनी वाटीतले औषध परसात ओतले आणि दुसरी बाटली सुनेपुढे सरकवली.

आठ दिवसांत परशुरामपंत उठून बसले. त्यांनी गोदाला जवळ बोलावले. "तुझ्यामुळे जगलो, हे विसरायचा नाही. पण अगं, हे बाहेर बोलू नकोस. कचेरीत चेष्टा होईल. जयालाही सांगून ठेव."

आजवर नवऱ्याच्या शब्दाला तिने नाही म्हटले नव्हते.

"नाही जमायचं," गोदा म्हणाली. "तापाने आपण आठ दिवस तळमळलात. मी बारा वर्षं भ्यायल्ये, हसऱ्या तोंडानं. ती भीती जयाला देणार नाही."

परशुरामपंतांनी तोंड भिंतीकडे फिरवले. वाचकहो, तेव्हा ते काय बोलणार होते? आणि आपल्या घरातल्या बाटल्यांवर अजून कुंकवाच्याच खुणा असतील, तर आपण तरी काय बोलणार?

दुसऱ्या दिवशी भर सकाळी गोदा जयाचा हात धरून मुलींच्या शाळेकडे निघाली. विहिरीवरचे रहाट थांबले. सगळ्या बायका बघू लागल्या, तशी जयाने पाटी पटकन परकराच्या घोळात लपवली.

गोदा थांबली. तिने ती पाटी बाहेर काढून लेकीच्या हातात दिली.

"वर धर," ती म्हणाली. "दिसू दे सगळ्यांना."